पहिल्या संशोधन अनुदानापर्यंतची अडीच वर्षं

नवी मुंबईतल्या एका ट्रस्टच्या वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राची सहाय्यक प्राध्यापक म्हणून मी रुजू झाले तेव्हा ३५ वर्षांची होते. हाती पीएचडी होती, परळला केलेल्या पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचा, अनुभव होता, पण स्वतःच्या कामासाठी एक रुपयाही नव्हता. त्या पहिल्या आठवड्यात ठाणे-नेरूळ लोकलमध्ये बसून मी वहीत अनुदानांची यादी केली. यादी लांबलचक झाली आणि मला वाटलं, यातलं काहीतरी नक्की मिळेल.

यादीतली बहुतेक नावं वय, तारखा आणि नेमणुकीच्या अटींमुळे गळत गेली. डीएसटीच्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या, इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपला वयाची अट होती. रामलिंगस्वामी फेलोशिप परदेशातून परतणाऱ्यांसाठी, आणि मी तर देश सोडलाच नव्हता. जैवतंत्रज्ञानातल्या उद्योगांना मदत करणाऱ्या बायरॅक या सरकारी संस्थेचं 'बिग' अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं, १८ महिन्यांसाठी, पण ते उत्पादनाच्या दिशेनं जाणाऱ्या कल्पनेला. माझ्याकडे उत्पादन नव्हतं, प्रश्न होता. २००८ पासून चालू असलेल्या इंडिया अलायन्स या आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेच्या पाच वर्षांच्या फेलोशिपकडे मी आशेनं पाहत होते, पण तिथे टिकेल एवढी प्राथमिक माहिती माझ्याजवळ नव्हती. सर्ब या संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी मंडळाचं काम आता २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेलं आहे. त्यांचं पंतप्रधान अर्ली करिअर अनुदान तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत आहे. ते माझ्यासारखीसाठीच आहे असं वाटलं, पण त्याला नियमित पद लागतं आणि माझी नेमणूक सुरुवातीला करारावर होती.

म्हणून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी हेच विचारते: पीएचडीची तारीख काय, वय किती, पद कोणतं? कल्पना नंतर सांग.

दुसरी गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. खाजगी ट्रस्टच्या संस्थेतून सरकारी पैसा मागायचा तर संस्थेचीही कागदपत्रं लागतात: डीएसआयआर या केंद्राच्या विभागाची संशोधन संस्था म्हणून मान्यता, आणि दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी. आमच्याकडे मान्यतेची मुदत संपलेली होती आणि नूतनीकरणाची फाइल एका टेबलावर पडून होती. त्या टेबलासमोर मी किती वेळा उभी राहिले ते मोजलं नाही, पण त्यात एक अख्खी मुदत हुकली. तेव्हा खूप रडले होते.

पहिला प्रस्ताव मी त्याच काळात दुसरीकडे पाठवला आणि तो नाकारला गेला. गर्भवती स्त्रियांच्या लघवीतले जंतू, त्या जंतूंना औषधांपुढे टिकवणारी जनुकं, संपूर्ण जनुकक्रम, नवी चाचणी आणि शेवटी उंदरांवरचे प्रयोग, असं सगळं त्यात होतं. परीक्षकानं लिहिलं होतं की हे चार प्रकल्प आहेत आणि एकाचाही नमुना आकार पटत नाही. आठवडाभर तो कागद उघडवेना. मग आमच्या विभागातल्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "यातला कोणता प्रश्न तुझ्या ओपीडीत रोज समोर बसलेला असतो?"

तो प्रश्न साधा होता. काही गर्भवतींना त्रास काहीच नसतो, पण लघवीत जंतू असतात. उपचार झाला नाही तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो, बाळ वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो. दिघा, तुर्भे, बेलापूरकडून येणाऱ्या आमच्या बायकांमध्ये असं किती जणींना असतं आणि त्या जंतूंवर गरोदरपणात चालणारी कोणती औषधं अजून लागू पडतात, एवढंच मी ठेवलं. मिलिलिटरभर लघवीत जंतूंच्या १ लाख वसाहती वाढल्या तर संसर्ग धरायचा ही मर्यादा, औषधाच्या चकत्या ठेवून जंतूंची वाढ थांबते का ते पाहायच्या डिस्क पद्धतीनं तपासणी, जनुकं फक्त प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, जंतूंची. ८ टक्के प्रमाण गृहीत धरून, अडीच टक्के चूक चालेल असं मानून सुमारे ४५० नमुने येत होते; गळती धरून ५२० केले. संख्याशास्त्राच्या सरांनी शेजारी बसवून हे गणित माझ्याकडूनच करून घेतलं, त्यामुळे मुलाखतीत विचारलं तेव्हा अडखळले नाही.

नैतिकता समितीत मात्र माझी खरी शिकवणी झाली. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गर्भवतींची जास्त काळजी घ्यावी लागते, ते बरोबरच आहे. माझ्या संमतीपत्रात 'प्रतिजैविक प्रतिरोध' असा शब्द होता. ओपीडीतल्या सिस्टरनी तो वाचून मला बाजूला घेतलं. "मॅडम, 'औषध लागू पडत नाही' असं लिहा. त्यांना लगेच कळेल." समितीतल्या सामान्य नागरिक सदस्यांनी विचारलं, रिपोर्ट बाईला मिळणार का? माझ्या आराखड्यात ते नव्हतंच, नुसते नमुने होते. मी लाजले आणि त्याच रात्री नवा परिच्छेद घातला: रिपोर्ट प्रत्येकीला, उपचार प्रसूती विभागाकडून.

मग नियमित पद मिळालं, मान्यता आली, आणि मी आयसीएमआर बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांना देते त्या बाह्य संशोधन अनुदानासाठी अर्ज केला. अंदाजपत्रकात तीन चुका सुधाराव्या लागल्या. उणे ८० अंशांचा फ्रीझर मागितला, पण वीज गेल्यावर त्याचं काय हे लिहिलंच नव्हतं. जेआरएफचे, म्हणजे प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाचे, महिना ३७ हजार धरले आणि त्यावरचा घरभाडे भत्ता विसरले. किटच्या किमती जुन्या कोटेशनवरून घेतल्या होत्या. लेखा विभागातल्या काकांनी प्रत्येक ओळ वाचली आणि खर्चाचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवून बिलं जपायला शिकवलं.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मी कोपरखैरण्याच्या आसपास गाडीत होते. आईला फोन केला, पण गर्दीत नीट बोलता आलं नाही.

गेल्या सोमवारी पहिली बाटली आली. दिघ्याच्या एका ताईंची, सातवा महिना. संमतीपत्र सिस्टरनी वाचून दाखवलं, त्यांनी सही केली आणि विचारलं, "रिपोर्ट कधी मिळेल?"

"गुरुवारी," मी म्हटलं, आणि वहीत त्यांच्या क्रमांकापुढे तारीख लिहिली.