वळायचे नाही, वळतात

"अगं, ती दोर वळतेय ना? मग तू 'वळायचे' काय म्हणतेस?" काकूंनी मला थांबवलं, तेव्हा कळलं की सकाळपासून मी सगळं चुकीच्या काळात सांगत होते.

मी स्पॅनिशची दुभाषी. एरवी पुण्यात बसून करारपत्रं, यंत्रांच्या माहितीपुस्तिका असलं भाषांतर करते आणि वर्षातून एखाद्या वेळी मराठी पर्यटकांच्या गटाबरोबर पेरूला जाते. जूनमधला तो गुरुवार होता. पहाटे कुस्कोहून निघालो. तिथे तेव्हा हिवाळा, बसच्या काचांवर दव गोठलेलं. चौदा जण शाली गुंडाळून बसलेले, आणि माझ्या हातात माइक.

माझं सांगणं पाठ झालेलं होतं. इंकांचं राज्य म्हणजे तावांतिन्सुयु, चार दिशांच्या चार प्रदेशांचं मिळून एक. त्यांच्याकडे लिपी नव्हती, हिशेब ते गाठी मारलेल्या दोऱ्यांवर, म्हणजे खिपूवर ठेवायचे. लोखंड नव्हतं, गाडीला चाक नव्हतं, तरी डोंगरांतून 30 हजार किलोमीटरच्या वर रस्ते बांधले होते. 1532 मध्ये स्पॅनिश सेनानी पिझारोने काहामार्कात इंका राजा आताउआल्पाला पकडलं, पुढच्या वर्षी मारलं. 1572 मध्ये शेवटचा इंका राजा तुपाक आमारूचा कुस्कोच्या चौकात शिरच्छेद झाला आणि इंकांचा इतिहास संपला. वाटेत तुंगासुका लागलं तेव्हा 1780 चा उठावही सांगितला. दुसऱ्या तुपाक आमारूने तो याच गावाच्या परिसरातून सुरू केला होता. तो मोडून काढल्यावर स्पॅनिश सत्तेने इंकांचा पोशाखसुद्धा बंद केला होता. होतं, होते, होती. प्रत्येक वाक्याला भूतकाळाचं शेपूट.

केहुए गावाच्या पुढे आपुरिमाक नदीची घळ आहे. आपुरिमाक म्हणजे बोलणारा देव. बसमधून उतरलं की हे नाव का पडलं ते कानांनाच कळतं. त्या घळीवर 28 मीटरचा गवताचा पूल आहे, केस्वाचाका. केस्वा म्हणजे पीळ दिलेला दोर, चाका म्हणजे पूल. लाकडाचा आणि चामड्याचा थोडा वापर सोडला तर सगळं गवतच. ते वर्षभरात ऊन-पावसाने कुजतं, म्हणून दर जूनमध्ये हुइंचिरी, चाउपिबांदा, चोक्कायहुआ आणि कोल्याना केहुए या चार वस्त्या जमतात, जुना पूल कापून नदीत सोडतात आणि नवा विणतात. तीन दिवस काम, चौथ्या दिवशी सण. आम्ही पोचलो तो पहिला दिवस होता. पहाटेची पूजा आटोपली होती.

शेजारीच गाड्यांचा पोलादी पूल आहे. आमच्यातल्या एका निवृत्त अभियंत्यांनी ताबडतोब विचारलं, "मग हा कशाला? आणि दरवर्षी नवा, तर यात इंकांचं काय उरलं?" मी उत्तर जुळवत होते, तोवर काकू पुढे निघून गेल्या होत्या.

काकू देवगडकडच्या. वय सत्तरीच्या पुढे, माहेरी काथ्याचा धंदा. दरीच्या वरच्या अंगाला बायका ओळीने बसल्या होत्या, प्रत्येकीच्या पुढ्यात कोया नावाच्या गवताचा भारा. गवत आधी गोट्याने चेचलेलं, पाण्यात भिजवलेलं. दोन तळव्यांमध्ये दोन जुड्या धरायच्या, दोन्हींना एका दिशेने पीळ द्यायचा आणि त्या एकमेकींवर उलट्या दिशेने पडू द्यायच्या. एक जुडी बारीक व्हायला लागली की त्यात चार काड्या सरकवायच्या. जोड कुठे आहे ते बोटालाही लागत नाही. दोरी मागे सरकत जाते आणि बाई शेजारणीशी बोलत असते, हातांकडे बघतही नाही.

"हे आमचंच," काकू म्हणाल्या. "आम्ही नारळाची सोडणं खाडीत कुजवायचो, मोगरीने कुटायचो. सुंभ असाच वळतात."

तिथल्या एका आजींशी बोलायचं ठरलं. आजींना फक्त केचुआ, म्हणजे इंकांच्या राज्यातली भाषा, येत होती. आमचा कुस्कोचा गाईड केचुआतून स्पॅनिश करायचा, मी स्पॅनिशमधून मराठी. आजी सांगायच्या, "गवत भिजवतो, दोर वळतो, पुरुष त्याचे जाड दोर करतात." आणि मी सवयीने म्हणत होते, "हे लोक गवत भिजवायचे, दोर वळायचे." समोर बाईच्या हातातून दोरी बाहेर पडतेय आणि मी तिला इतिहासात ढकलतेय! काकूंनी टोकलं ते इथे.

मला फार लागलं ते. शब्द चुकला तर दुभाषा दुरुस्त करतो, पण काळ चुकला तर समोरचा माणूसच नाहीसा होतो. मुळात इंका हे राजाचं आणि त्याच्या कुळाचं नाव. 1572 मध्ये संपली ती गादी. शेतं कसणारी, दोर वळणारी माणसं कुठेच गेली नव्हती. 2017 च्या पेरूच्या जनगणनेत 37 लाखांहून जास्त लोकांनी केचुआ ही आपली मातृभाषा सांगितली. हा आकडा मला माहीत होता, तरीही तोंडात 'होते' बसलेलं.

पुढे मापावर अडलं. प्रत्येक घराने किती दोरी आणायची ते आजी सांगत होत्या. गाईड म्हणाला 'ब्रासादा', मी म्हटलं 'हात'. आजींनी दोरी धरून दोन्ही हात आडवे ताणून दाखवले. काकू लगेच म्हणाल्या, "हात नव्हे गं, वाव. होडीवर पाण्याची खोली वावेत मोजतात." इतकी वर्षं स्पॅनिश शिकून मला जो शब्द सुचला नव्हता, तो काकूंकडे तयार होता.

खाली पुरुष त्या दोऱ्या रस्त्यावर लांबच लांब ताणून एकत्र पिळत होते. अशा तीन जाड दोरांची वेणी घातली की पुलाचा मुख्य दोर होतो. पायाखाली चार, हातांना दोन. बायकांनी मात्र पुलाच्या कामाजवळ यायचं नाही, आल्या तर अपघात होतो अशी समजूत. "दोर बाईने वळायचा आणि पुलावर जायचं नाही, हे मला नाही पटलं," काकू म्हणाल्या. मलाही पटलं नाही. जे आहे ते आहे, ते झाकून हा पूल दाखवण्यात अर्थ नाही.

काकूंनी आजींकडे गवत मागितलं आणि खाली बसून वळायला घेतलं. वीतभर झाली तशी दोरी पुढे केली. आजींनी ती दोन टोकांना धरून ताणली, मग अख्खी उलगडली, गवत पाण्यात बुडवलं आणि परत काकूंच्या हातात दिलं. काहीतरी बोलल्या. गाईडने स्पॅनिशमध्ये सांगितलं, "आम्ही घट्ट वळतो."

इथे मी अडले. स्पॅनिशमध्ये 'नोसोत्रोस' एवढंच. मराठीत मला ठरवावं लागतं, 'आम्ही' की 'आपण'. ऐकणारा त्यात धरायचा की नाही? केचुआतही हे दोन वेगळे शब्द आहेत, 'नोकाय्कु' म्हणजे आम्ही, 'नोकांचिस' म्हणजे आपण. मधल्या स्पॅनिशमध्ये तो फरक गळून पडतो. इतकी वर्षं मी तो अंदाजाने भरत आले होते. त्या दिवशी गाईडला विचारलं, नेमकं कोणतं म्हणाल्या? तो माझ्याकडे बघतच राहिला. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"नोकाय्कु," तो म्हणाला.

म्हणजे आम्ही. तुम्ही नाही. मी ते तसंच सांगितलं, गोड केलं नाही. काकूंना मुळीच वाईट वाटलं नाही. "बरोबर आहे. माणसं चालायची आहेत त्याच्यावर," म्हणाल्या आणि पुन्हा पीळ द्यायला लागल्या.

2020 मध्ये करोनामुळे पूल बदलता आला नव्हता. मार्च 2021 मध्ये तो कोसळला आणि त्याच जूनमध्ये वस्त्यांनी नवा विणला. हे मी अभियंत्यांना सांगितलं. ते बराच वेळ खालच्या दोरांकडे बघत राहिले. मग त्यांनी वहीत जोडांचं चित्र काढायला सुरुवात केली.

चालकाने हॉर्न दिला तेव्हा काकूंची तिसरी दोरी आजींच्या हातात होती. त्यांनी ती ताणली, अंगठ्याने पीळ चाचपला आणि उलगडली नाही. आपल्या वेटोळ्यात न घालता बाजूला ठेवली.

बस यानाओकाकडे निघाली. मी माइक घेतला आणि सकाळचं सगळं पुन्हा सांगायला घेतलं, या वेळी 'दोर वळतात'पासून.