मुंबई ते टोकियो : जाताना आठ तास, येताना सव्वादहा

धाकट्या बहिणीकडे टोकियोला आईला घेऊन जायचे ठरले, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो प्रवासाच्या तासांचा. आई रोज रात्री ९ वाजता इन्सुलिन घेते. दोन डोसांमध्ये खरोखर किती तास जातात ते मोजून आणा, मग वेळा ठरवू, असे त्यांनी बजावले. तिकिटे काढून देणाऱ्याच्या कागदावर जाण्याचा प्रवास साडेअकरा तासांचा आणि येण्याचा पावणेसात तासांचा लिहिलेला होता. तो कागद तसाच पुढे केला असता तर सगळा हिशेब चुकला असता.

जानेवारीतले आमचे विमान मुंबईहून रात्री ८ वाजता सुटून टोकियोच्या नारिता विमानतळावर सकाळी ७.३० वाजता पोहोचणार होते. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने तेवढे वजा करायचे, म्हणजे उरतात आठ तास. परतीला ११.१५ वाजता निघून संध्याकाळी ६ वाजता मुंबई. येथे तेच साडेतीन तास मिळवायचे, म्हणजे सव्वादहा. कागदावर जो प्रवास आखूड दिसत होता, तोच खरा लांबचा होता.

अंतर एकच असताना सव्वादोन तासांचा फरक का, हे समजल्याशिवाय मला आकड्यांवर विश्वास ठेवता येईना. घरातल्या पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून टोकियोपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो बिहारवरून, भूतानच्या आसपास हिमालय ओलांडून तिबेटच्या पूर्व भागात आणि पुढे सिचुआनवर गेला. हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर भरते. विमाने मात्र शक्यतो तिबेटचे पठार टाळतात, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली आणावे लागते आणि त्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर, म्हणजे जवळपास १५,००० फूट आहे. आमचे विमान बांगलादेश, म्यानमार आणि दक्षिण चीनवरून गेले, तेव्हा अंतर थोडे वाढलेच. तासांचा फरक मात्र वाऱ्यामुळे पडतो. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात जपानच्या आसपास फार जोरकस असतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना समोरून येतो.

मग चौकटीच्या कागदावर भारतीय आणि जपानी वेळेचे दोन रकाने आखून मी डॉक्टरांकडे गेलो. पहिला डोस उड्डाणानंतर तासाभराने, म्हणजे जपानच्या रात्री साडेबाराला येत होता. त्यांनी पुढच्या सर्व वेळा स्वतःच्या हाताने त्याच कागदावर लिहून दिल्या. इन्सुलिनची पेने थंड पिशवीत, हातातल्या सामानातच ठेवली. मालकक्षात ती गोठण्याची भीती असते. पुणे ते मुंबई विमानतळ हे चार तास आणि तेथे आधी पोहोचण्याचे तीन तासही मी जेवणाच्या वेळांसाठी त्यात धरले होते.

जाताना समोरच्या पडद्यावर वेग १,०८० पर्यंत गेलेला दिसला होता. परतीला नारिता सोडल्यावर तो ६९० वरच राहिला, तेव्हा आईने विमान हळू का चालले आहे असे विचारले. मी वाऱ्याचे सांगितले. तिने मनगटावरच्या, पुन्हा भारतीय वेळेला लावलेल्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, “सहाला उतरलो तरी नऊच्या आत काही पुण्याला पोचत नाही. पिशवी वरच ठेव.”