८०० अपडेट: कुंईऽऽ गेली, परत आली, आता पुन्हा गेली

माझ्या मारुती ८००च्या स्टिरिओतली कुंई गेली, या श्रावणाआधीच्या अपडेटवर तुम्ही भरपूर टाळ्या वाजवल्यात, त्या गणपतीत फुकट गेल्या. मुंबईहून भाऊ आला होता. त्याला रत्नागिरीतून भाट्याच्या पुलावरून पावस गावच्या रस्त्याला घेऊन निघालो, पेन ड्राइव्हवर डबलबारीचं (दोन भजनी बुवांच्या सामन्याचं) रेकॉर्डिंग. बुवांचा गजर चढतोय, पखवाज छान घुमतोय, आणि ॲक्सिलरेटरवर पाय पडला की गजराच्या मागून बारीक 'कुंईऽऽ'. दोन-तीन वळणं भाऊ गप्प बसला, मग म्हणाला, "दादा, ही तिसरी बारी कोणाची?"

तर मंडळी, या वेळी दारांच्या डॅम्पिंगचे (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या पट्ट्यांचे) फोटो आणि मापं देणार होतो, ते मागे पडलं. बहुतेक सगळं या कुंईवरच आहे.

नव्यांसाठी थोडक्यात. गाडी २००५ची मारुती ८००, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली). डेक, म्हणजे डॅशबोर्डातला स्टिरिओ, साधा सिंगल डिन, एका खणाचा. सीटखाली जुन्या बाजारातला चार चॅनलचा ॲम्प, पुढे कंपोनंट (वूफर-ट्वीटर वेगळे असलेले) स्पीकर, मागच्या ट्रेवरचे ओव्हल स्पीकर सध्या बंद. अल्टरनेटर तीन फेजची एसी बनवतो, डायोड तिला डीसी करतात, पण थोडी लहर शिल्लक राहतेच. इंजिन पळालं की त्या लहरीची फ्रीक्वेन्सी वाढते, म्हणून कुंईचा सूर आरपीएमबरोबर चढतो. लहर प्रत्येक गाडीत असते. ती स्पीकरपर्यंत कुठल्या वाटेने पोचते एवढाच प्रश्न, आणि ती वाट दहापैकी नऊ वेळा अर्थची (अर्थिंगची), म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायच्या जोडणीची, असते.

पहिल्या फेरीत काय केलं होतं ते आठवत असेल. दुकानवाल्याने ॲम्पचा अर्थ सीटच्या बोल्टला रंगावरच आवळला होता. तो काढून फ्लोअरवर पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला आणि नवा पॉइंट केला. डेकचा अर्थही कंपनीच्या हार्नेसमधून (वायरींच्या जुडग्यातून) तोडून थेट त्याच पॉइंटवर आणला. बॅटरी ते बॉडी अशी एक जादा पट्टी टाकली. या सगळ्याला वायर वापरली ती किटमधली ८ गेज, जिच्या पाकिटावर ठळक अक्षरांत '१०० टक्के कॉपर' छापलेलं. कुंई गेली. गाडीने पावसाळा काढला, आणि पावसाळ्याबरोबर कुंई परत आली.

या वेळी अंदाजाने काही उचकायचं नाही असं ठरवलं होतं. आरसीएच्या (डेकमधून ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या केबलच्या) दोन जुन्या पिना घेतल्या, मधली दांडी आणि बाहेरची कडी सोल्डरने जोडून टाकली आणि ॲम्पच्या इनपुटला त्या खोचल्या. इंजिन चालू, आवाज शून्य. म्हणजे ॲम्प निर्दोष. मग डेक बाजूला ठेवून मोबाइल थेट ॲम्पला लावला: शांत. त्याच मोबाइलला गाडीतला चार्जर लावला: कुंई हजर. म्हणजे इनपुटला कुठूनतरी दुसरा अर्थ भेटला की लूप तयार होतो.

आता डेक परत जोडला. काही डेकमध्ये आरसीएच्या अर्थला आत केसाएवढा फ्यूज असतो. इंजिन किंवा डेक चालू असताना आरसीए उपटलं की तो उडतो आणि मग जन्मभर कुंई. म्हणून मीटरने त्याची कंटिन्यूटी (वाट अखंड आहे का ते) तपासली, तो ठीक होता. पुढची युक्ती मात्र लिहून ठेवा: डेकच्या मागून अँटेनाची पिन ओढली आणि कुंईचा आवाज एकदम वाढला. अँटेनाच्या वायरीभोवतीची जाळी फेंडरवर बॉडीला अर्थ केलेली असते. म्हणजे डेक परतीचा करंट अँटेनामधून पाठवत होता. त्याच्या स्वतःच्या अर्थ वायरमधून तो जात नव्हता! अँटेना काढल्यावर उरली वाट एकच, आरसीएची जाळी. करंट तिथून गेला की लहर थेट सिग्नलमध्ये.

मल्टिमीटर काढला. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग उत्तम. काळी प्रोब बॅटरीच्या मायनसवर धरून लालने बॉडीला शिवलो तर ०.३७ व्होल्ट. ०.१च्या वर गेलं की डोळे उघडायचे. मग डेकचा अर्थ ते ॲम्पचा अर्थ: ०.२२. दोन्ही एकाच बोल्टवर असताना! (लोड देऊन मोजा. सगळं बंद ठेवून ओहम मोजलेत तर सडका जोडही शून्यच दाखवतो.)

कार्पेट उचललं. खालचं नमदं ओलंच होतं, त्यात जांभ्याची लाल माती मुरलेली. बोल्ट मी चढवलेल्या ग्रीसमुळे चांगला राहिला होता, पत्राही. पण लगच्या (वायरीच्या टोकाला बोल्टसाठी बसवलेल्या कडीच्या) तोंडाशी, जिथे वायर क्रिंप केली, म्हणजे दाबून बसवली तिथे, पांढरी भुकटी. तांबं सडलं तर हिरवं पडतं हे आपण कोकणातली माणसं रोज बघतो. हे पांढरं होतं. वायर जरा वाकवली तर लगमधून निम्म्या तारा तुटून हातात आल्या. एक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आतून चांदीसारखी. ॲल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा.

यालाच सीसीए (कॉपर क्लॅड ॲल्युमिनियम) म्हणतात आणि बजेट किटमध्ये सर्रास हीच येते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, तेव्हा ८ गेज म्हणून घेतलेली वायर कामाला त्याहून बारीक. पण तो मुद्दा पुण्यातल्या गाडीसाठी. आपल्याकडे खरं दुखणं वेगळं आहे. तांब्याचा लग, ॲल्युमिनियमची तार आणि मध्ये खारं पाणी म्हणजे सेल तयार, आणि त्यात बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. कोरड्या गावी ही वायर कितीतरी वर्षं टिकत असेल, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या गाडीत एका पावसाळ्यात तिची राख होते. '१०० टक्के कॉपर' छापणाऱ्याला मात्र काहीच होत नाही. खरं तांबं ओळखायचं असेल तर ब्लेडने खरवडा, नाहीतर लायटर धरा: बारीक तार वितळून थेंब झाला तर ॲल्युमिनियम, लाल होऊन तशीच राहिली तर तांबं.

इथे अनेकांनी ग्राउंड लूप आयसोलेटर (सिग्नलच्या वाटेत लावून अर्थचा लूप तोडणारी डबी) सुचवला होता. स्वस्तातल्या डबीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात आणि ते खालचा बेस खातात. पखवाजाचा धूम गेला तर एवढा खटाटोप कशासाठी? पॉवर लाइनला लावायचा चोक फिल्टर तर या केसमध्ये निरुपयोगीच, कारण दुखणं परतीच्या वाटेत आहे. लूप तोडण्यापेक्षा लूपच राहू नये हे बघा.

चांगल्या वायरसाठी मुंबईला लॅमिंग्टन रोडला सांगून ठेवणार होतो. पण मिरकरवाड्यात मासे घ्यायला गेलो असताना जेटीवर एक काका ट्रॉलरच्या केबिनमधलं वायरिंग करताना दिसले. खिशातला तो सडका लग त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नखाने भुकटी उडवली.

"ही कुठल्या बोटीची?"

"बोटीची नाही काका, गाडीची."

"मग बरं. बोटीची असती तर आतापर्यंत पोहत आला असतास." मग त्यांनी स्वतःच्या वेटोळ्यातली वायर सोलून दाखवली. ती आतून पांढरीच. मी म्हटलं, ही पण ॲल्युमिनियमची? काका हसले. "खरवड की." खरवडली तर खालून लालबुंद तांबं. प्रत्येक तारेला वेगळी कल्हई केलेली. बोटीला हीच लागते, साधं तांबं इन्सुलेशनच्या आतून हातभर काळं पडत जातं, म्हणाले. लगही कल्हईवालेच, आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक, जी तापवली की कडेने गोंद बाहेर येऊन तोंड बंद होतं. मीटरवर मोजून वायर दिली, लग स्वतःच्या मोठ्या क्रिंपरने दाबून दिले, मजुरी घेतली नाही. आख्ख्या किटच्या किमतीत फक्त अर्थच्या वायरी झाल्या, पण मला तरी हा सौदा स्वस्त वाटला.

आता डेकचा अर्थ, ॲम्पचा अर्थ, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी, सगळं कल्हईच्या तारेत. ॲम्पचा पॉइंट फ्लोअरवरून उचलून सीटच्या आडव्या पट्टीवर, ओलीपासून वर घेतला. पत्रा घासून स्टार वॉशर, आवळून झाल्यावर वरून ग्रीस. (ग्रीस आधी भरपूर थापून मग आवळू नका, धातूला धातू लागला पाहिजे.) बॉडीचा ड्रॉप (बॅटरीच्या मायनसशी फरक) ०.३७ व्होल्टवरून ०.०३. डेक ते ॲम्प: मीटर ०.०० दाखवतो. आरे-वारेच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडेपर्यंत पळवलं, डेक पॉज करून व्हॉल्यूम वर ठेवला. काही नाही. नुसती टायरची घरघर.

आणि बोनस: हेडलाइट उजळले. ०.३४ व्होल्ट त्यांच्याही वाट्याचे होते. बाबांना ॲम्पशी देणंघेणं नाही, ते फक्त आकाशवाणी रत्नागिरी ऐकतात. पण रात्री हातखंब्याहून येताना तेच म्हणाले, "दिवे बदललेस काय रे?" एवढ्या खर्चाला घरातून मिळालेली ही पहिली मान्यता आहे, ती मी जपून ठेवणार.

उरलेल्या बॉडीच्या जोडांचीही पाळी येईल, पण एवढं सगळं उघडलं असताना ॲम्पचा फ्यूज नीट बघितला. डब्यावर १२०० वॉट, फ्यूज २५ अँपिअरचा. १४ व्होल्ट गुणिले २५ म्हणजे आत जाणारेच ३५०, त्यातले निम्मे उष्णतेत जातात. चार चॅनलला मिळून दोनशेच्या आतबाहेर, झालं. डेकवरचे '५० गुणिले ४' तर त्याहून थोर: १४.४ व्होल्टवर ४ ओहमला गणितानेच जास्तीत जास्त २५-२६ वॉट निघतात. पण हे दोनशे खरे असतील तर ८००च्या एवढ्याशा केबिनला रग्गड आहेत.

म्हणून १० इंची सबचा (खास बेससाठीच्या सबवूफरचा) बेत सध्या रद्द. मागच्या वेळी खोक्याचं ड्रॉइंग टाकलं होतं, ते कोणाला हवं तर घ्या. आरे-वारेवरून येताना लक्षात आलं की पखवाजाची डावी बाजू दारातूनच येऊ शकते, दारच थरथरून ती खातंय. दारात स्पीकर बसवायला एमडीएफच्या (लाकडी भुशाच्या पाटाच्या) रिंगा करणार होतो, पण इथे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, दारात पाणी उतरणारच, आणि एमडीएफ फुगून पाव होईल. मरीन प्लाय बघत होतो तोच मासळी बाजारात कापायचे जाड प्लॅस्टिकचे पाट दिसले. पॉलिथिलीन, पाणी पीत नाही, होल सॉने सरळ कापता येतं. गोंद चिकटत नाही एवढीच अडचण, म्हणून नटबोल्टने बसवून मागे फोमची गॅस्केट. डॅम्पिंगला ब्युटिल रबराची पट्टीच. छपराची डांबरी पट्टी स्वस्त पडते, पण एप्रिलच्या उन्हात गाडीत डांबराचा वास भरतो. आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं कृपा करून बुजवू नका, नाहीतर स्पीकरच्या आधी दार जाईल.

डाव्या दाराची रिंग कापून झाली आहे, तेवढ्या जाडीवर काच पूर्ण खाली घेतली तरी मॅग्नेटला लागत नाही. उजव्या दाराच्या काचेची रेल वाकडी असल्याने तिथे काच आतल्या बाजूला झुकते. ८००च्या उजव्या दारात ५.२५ इंची स्पीकर बसवलेलं कोणी असेल तर रिंगची जाडी किती ठेवलीत ते सांगा, त्याआधी दुसरा पाट कापत नाही.