परभणीहून गोरेगावला, गिटारी बघायला

मुंबईला मे महिन्याच्या शेवटी पाम एक्स्पो नावाचं साउंड, लाइट आणि वाद्यांचं प्रदर्शन भरतं हे कधीपासून माहीत होतं, पण ते धंदेवाल्यांचं प्रदर्शन, तिथं घरी बसून गिटार वाजवणाऱ्याचं काय काम म्हणून कधी गेलो नव्हतो. मग आमचे वाद्यांच्या दुकानवाले काका, ज्यांचा निम्मा धंदा भजनी मंडळांच्या पखवाज-पेटीवर चालतो, ते एकदा म्हणले, "पोरं आजकाल गिटार मागायलेत बाबा, मला त्यातलं काय बी कळत नाही, तू चल संगं." म्हणलं चला.

रजिस्ट्रेशन आधीच ऑनलाइन करून ठेवा, गेटवर रांगेत उभं राहून फॉर्म भरत बसू नका. त्यात तुम्ही कोण ते विचारतात, काकांनी दुकानदार टाकलं, मी वादक टाकलं (टाकताना जरा लाजच वाटली). गळ्यातला बॅज महत्त्वाचा, कारण स्टॉलवरचा माणूस आधी बॅज वाचतो आणि मग तोंडाकडं बघतो. काकांना डीलरचा रेट, कमीत कमी किती पीस घ्यावे लागतील, वॉरंटीचं काय, सगळं बसवून सांगायचे, मला नुसतं एमआरपी. त्यामुळं आमच्यासारख्यानं ओळखीच्या दुकानदाराबरोबर जावं हे माझं स्पष्ट मत.

रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडली, सकाळी दादरला उतरून लोकलनं राम मंदिर स्टेशन, तिथून नेस्को, म्हणजे प्रदर्शनाची गोरेगावची जागा, जवळच आहे. प्रवासाचं एवढंच.

आत गेल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की इथं गिटार ऐकू येणार नाही. हे प्रदर्शन मुळात साउंड आणि लाइटवाल्यांचं, गिटारी एका अंगाला, आणि आजूबाजूला कुठं स्पीकरचा डेमो चालू, कुठं कोणी ड्रम बडवायलंय, अशा गोंगाटात ॲकॉस्टिक गिटारचा टोन कसा आहे हे सांगणारा माणूस मला तरी भेटायचाय. मग ठरवलं की कानाचं काम हातानं आणि डोळ्यानं करायचं. क्लिपवाला ट्युनर खिशात होता, तो हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाला, चिमटला की लाकडाच्या कंपनावरून सूर पकडतो, त्याला गोंगाटाचं काही पडलेलं नसतं. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आधी हार्मोनिक वाजवायचा, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून, मग तीच तार तिथंच दाबून वाजवायची, दोन्ही वेळेला ट्युनरनं एकच सूर दाखवला पाहिजे, दाबलेला चढा आला तर इंटोनेशनमधी, म्हणजे वरच्या फ्रेटवरच्या सुरात, गडबड आहे. नेक, म्हणजे गिटारची मान, बघायला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावायचा, एक तार नेक जिथं बॉडीला जुळतो तिथं दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी किती फट राहते ते बघायचं, अगदी बारीक फट हवी, तिथून पोस्टकार्ड आरपार जायलं तर नेक जास्त वाकलाय. आणि टोन ऐकायचाच असंल तर हनुवटी गिटारच्या वरच्या कडेला टेकवा आणि वाजवा, हाडातून आवाज आत येतो. लोक बघतात तुमच्याकडं, बघू द्या.

सॉलिड टॉप, सॉलिड टॉप असं प्रत्येक जण सांगत होता, म्हणजे वरची फळी थरांच्या प्लायची नाही, अखंड लाकडाची. खरं का खोटं ते साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या गोल भोकाच्या, कडेला कळतं, वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरलेल्या दिसल्या तर सॉलिड, थर दिसले तर प्लाय. मोबाइलचा टॉर्च लावून मी हेच करत बसलो होतो तर काका म्हणले, "बैलाचे दात बघायलास का काय?"

मला खरं विचारायचं होतं ते वेगळंच. आमच्याकडं मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की नेकचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचायला लागतात, आणि पावसाळ्यात तीच गिटार फुगून ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, वर जाते. सेल्सवाल्या पोरांना यातलं काही सांगता येईना, बाहेरच्या बाजूला एक गिटारीचा सेटअप, म्हणजे तारा-फ्रेटची दुरुस्ती-जुळवणी, करणारे गृहस्थ फायली घेऊन बसलेले होते त्यांच्याजवळ गेलो. ते म्हणले गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, केसमधी ठेवत जा, एक स्वस्तातला आर्द्रतामापक घ्या, आणि साबणाच्या डबीला भोकं पाडून तिच्यात ओला करून पिळलेला स्पंज केसमधी ठेवा. मी विचारलं कूलर चालतो का, तर हसले, म्हणले खोलीत चालू द्या पण गिटार त्याच्या तोंडासमोर नको, रोज ओलं-कोरडं झालं तर डिंकाचे जोड सुटतात. ती १५-२० मिनिटं मला सगळ्या स्टॉलपेक्षा जास्त कामाची वाटली.

त्यांनीच लाकडाचंही सांगितलं. आपलं दक्षिणेकडचं शिसव जगभरच्या गिटारींच्या फ्रेटबोर्डला (फ्रेट बसवलेल्या मानेवरच्या पट्टीला) जातं, पण २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या जातींवर साइट्स कराराचे (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागद लागायला लागले, तेव्हा बऱ्याच कंपन्या लॉरेलसारख्या दुसऱ्या लाकडांकडं वळल्या. लॉरेल म्हणजे आपल्याकडचा ऐन. २०१९ च्या नोव्हेंबरमधी तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी लॉरेल काही गेलं नाही. काकांना हे लई आवडलं, गिऱ्हाइकाला सांगायला झालं.

दुपारनंतर इलेक्ट्रिकवाल्यांकडं गेलो. तिथं हेडफोन लावून वाजवायला मिळतं त्यामुळं खरंखुरं ऐकू येतं, फक्त हेडफोन आपला न्या आणि मोठ्या जॅकचा कन्व्हर्टर पण. साडेपंचवीस इंच स्केलची (स्केल म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी) आणि पावणेपंचवीस इंचाची गिटार लागोपाठ हातात घेतली, छोट्या स्केलवर तार वाकवायला खरंच हलकी जाते, आतापर्यंत नुसतं वाचलं होतं.

काका तर फुल सॉलिडच, म्हणजे पूर्ण गिटार अखंड लाकडाची, घ्यायला निघाले होते, मीच थांबवलं. आमच्या हवेत शिकणाऱ्या पोराला प्लायचीच गिटार द्यावी, ती आवाजाला थोडी कमी असंल पण उन्हाळ्यात फाटत नाही, आणि उन्हाळ्यात टॉपला चीर गेली तर पोराचा बाप दुकानात येऊन काकांनाच धरणार, कंपनीला नाही. मग शिकाऊ माल सगळा प्लायचा, आणि वर सॉलिड टॉप, मागं प्लाय असले थोडे पीस, अशी ऑर्डर झाली. त्यातला एक माझा, डीलरच्या रेटमधी. काकांनी अट घातली की दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला गिटार ट्यून करून द्यायची, ते बी फुकट.