टोमॅटो विकतच आणा

गच्चीवर भाजीपाला लावलाय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "टोमॅटो किती निघतात?" मी टोमॅटो लावतच नाही. गिरणाऱ्याला टोमॅटोचा बाजार भरतो, पिंपळगावहून ट्रकच्या ट्रक बाहेर जातात, भाव पडला की शेतकरी क्रेट रस्त्यावर ओतून मोकळा होतो. नाशकात राहून मी कुंडीत काठ्या रोवून नागअळीशी कशाला झुंजू? कांद्याचं तर नावच नको, लासलगाव आपल्याच जिल्ह्यात आहे.

जे बाजारात चांगलं मिळतं ते विकत, आणि जे मिळत नाही किंवा घरी येईतो मान टाकतं ते गच्चीवर, एवढाच हिशोब. म्हणून माझ्याकडे चुका, अंबाडी, माठ, वापराच्या पाण्याच्या मोरीशेजारी अळू आणि कठड्यावर घोसाळ्याचा वेल.

घोसाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण "फुलं येतात आणि गळतात" ही तक्रार सगळ्यांचीच. उंचावरच्या गच्चीत मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, मग ते काम आपल्याला करावं लागतं. नर फुलं घोसात येतात. मादी फूल एकटं, आणि त्याच्या देठाशी करंगळीएवढं घोसाळं आधीच दिसतं. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधले पिवळे परागकण मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचे. घोसाळं पहाटे उमलतं, म्हणून चहाच्या आधीच उरकायचं. दोडका त्याचाच भाऊबंद, पण उमलतो दिवेलागणीला. सकाळी दोडक्याच्या मागे लागलात तर हाती काही लागायचं नाही.

आणि घोसाळं कोवळंच तोडा. विसरलात की आत जाळी धरते, मग भजी नाही, अंघोळीला घ्या!

बागेने स्वयंपाकही बदलला. अंबाडी एकदम खूप निघते, शिजवून आंबट पाणी काढून टाकायचं, ज्वारीच्या कण्या घालून घोटायची आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. आमचे चिरंजीव माठाच्या भाजीला हात लावत नाहीत. तोच माठ थालीपिठात गेला की दोन जास्त खातात. मी काही बोलत नाही.

पावसाळ्यात मात्र गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार चुकवत नाही. पेठ, हरसूलकडच्या बाया करटोली घेऊन बसतात. करटोलीही गच्चीवर लावावी असं माझ्या डोक्यात होतं. नर-मादी वेल वेगवेगळे असतात, कंद मिळाले तर जमेलही. तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, तेवढं तरी राहू दे. तिच्याकडून मग काय घेशील?" पाव किलोचा भाव ऐकून मात्र त्याच घासाघीस करायला पुढे!

यंदा वाल लावायचा की नाही, ते अजून ठरत नाहीये. मावा आला की कोवळे शेंडे चिकट होतात, मुंग्या लागतात, निंबोळी अर्क फवारला की वास थेट जिन्यात. खालच्या मजल्यावरच्या काकू लगेच नाकाला पदर लावून वर येतात. शेंगा लागल्या की पिशवी घेऊनही पहिल्या त्याच येतात.