भोवऱ्याच्या मध्यात उजेड

व्हॉर्टेक्स बीमच्या, म्हणजे भोवऱ्यासारखा पीळ असलेल्या प्रकाशझोताच्या, मध्यभागी अंधार असतो, हे आमच्या क्षेत्रात अगदी सुरुवातीला शिकवतात. प्रकाशाचा फेज, म्हणजे लहरीच्या चढउतारातली अवस्था, अक्षाभोवती पीळ घेत जातो, नेमक्या अक्षावर त्याला कुठलीच एक किंमत देता येत नाही, म्हणून तिथे तीव्रता शून्य. त्यामुळे त्या दुपारी संगणकाच्या पडद्यावर मध्यभागी ठसठशीत उजेड दिसला तेव्हा मी सावरूनच बसले.

प्रयोगवाल्या सहकाऱ्यांना १०६४ नॅनोमीटरच्या लेझरने पाण्यातला १०० नॅनोमीटरचा पॉलिस्टायरीनचा मणी पकडायचा होता. त्यावर किती बल येईल, ते मी संगणकावर काढत होते. ऑब्जेक्टिव्हचा, म्हणजे प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा, एनए (प्रकाश किती रुंद कोनातून एकवटतो त्याचं माप) १.२, एका पिळाचा बीम. सकाळच्या रनमध्ये सुबक कडं आलं होतं. दुपारी मी फक्त वर्तुळाकार पोलरायझेशनची दिशा, म्हणजे प्रकाशाचं विद्युतक्षेत्र ज्या बाजूने गोल फिरतं ती बाजू, उलटवली, पिळाच्या विरुद्ध केली. आणि कड्याची पोकळी भरून आली.

पहिली शंका अर्थातच कोडवर. ग्रिड बारीक केलं, इंटिग्रलचे बिंदू वाढवले, उजेड जागचा हलेना. मग विद्युतक्षेत्राचे तिन्ही घटक वेगळे काढले. एक्स आणि वाय मध्यावर शून्य. सगळा उजेड झेडचा, म्हणजे बीमच्या प्रवासाच्याच दिशेतल्या घटकाचा! रिचर्ड्स आणि वुल्फ यांची क्षेत्राचे तिन्ही घटक धरणारी १९५९ची सदिश इंटिग्रलं वापरली होती म्हणून तो दिसला. किरण अक्षाला जवळजवळ समांतर मानणाऱ्या ढोबळ पॅरॅक्सियल सूत्रात तो धरलेलाच नसतो.

कागदावर मांडल्यावर दोन ओळींत उलगडा झाला. झेड घटकाचा पीळ म्हणजे बीमचा पीळ अधिक पोलरायझेशनचा. सकाळी ही बेरीज दोन होती; आता एक वजा एक, शून्य. पीळच नाही, तर अंधाराला कारण काय? त्याहून विलक्षण म्हणजे अक्षावर विद्युत आणि चुंबकीय दोन्ही क्षेत्रं झेडच्याच रेषेत, म्हणून ऊर्जेचा प्रवाह दाखवणारा पॉइंटिंग सदिश शून्य. क्षेत्र आहे, पण त्या बिंदूतून ऊर्जा पुढे वाहतच नाही. आकड्यांत हे पडताळलं तेव्हा अंगावर काटा आला.

हीच वजाबाकी १९९७मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. व्हॉर्टेक्समध्ये फिरणारा टेफ्लॉनचा कण पोलरायझेशन उलटवताच थांबला होता.

इतक्या लहान मण्यावरचं बल तीव्रतेच्या उतारावर ठरतं, आणि तो उतारच बदलला होता. मी प्रयोगवाल्या एका सहकाऱ्याला फोन करून पोलरायझेशन वर्तुळाकार करणारी क्वार्टर-वेव्ह प्लेट कुठल्या बाजूला फिरवली आहे, ते विचारलं.

"त्याने काय फरक पडतो?" तो म्हणाला.

"वर ये," मी म्हटलं, "दाखवते."