कावळा, काकी आणि पुनर्जन्म

आज फोंड्याला काकांकडे म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. पानात वडे, खतखतं, खीर. कावळा मात्र आंब्यावर बसून नुसती मान वाकडी करत होता. चुलतभावाने पिल्लू सोडलं, "आजोबांचा पुनर्जन्म झाला असेल तर हे पान कुणाला?" काकी कडाडली, "आधी त्या कावळ्याला बोलाव, भुकेनं जीव चाललाय!"

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या २०२१च्या अहवालात भारतातल्या ४० टक्के हिंदूंनी पुनर्जन्म मानतो असं सांगितलं. आणि ख्रिश्चनांपैकी २९ टक्क्यांनी! (चर्चच्या शिकवणीत तर जन्म एकच.) शेजारच्या आंटीला विचारलं. हसली. "पाद्रीला सांगू नकोस हां, पण आमचा धाकटा अगदी माझ्या सासऱ्यांसारखा. खाकरतोसुद्धा तसाच."

म्हटलं, आंटी, याला आनुवंशिकता म्हणतात.

"मग मी वेगळं काय सांगतेय?"